हळद लागलेली मोटार

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. चौथी पास झाले आणि पाटी सुटली, त्याला आता वीस वर्षं होतील. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून उमगत नाही, ओळही उतरत जाते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं कोण असेल ते मला माहीत नाही. मुलीच्या जुन्या वहीतली मागची पानं कोरी होती, ती टाकून देववेनात, म्हणून त्यांवर आमचा जतचा प्रवास लिहून ठेवते.

वडूजहून आम्ही निघालो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वैशाखाचे दिवस. मोटार नेहमीप्रमाणे वरच्या आळीला उतारावर उभी होती. आमच्या मोटारीला सपाट जागा चालत नाही. हँडल मारून मारून ह्यांचा खांदा दुखतो, म्हणून कुठंही गेलो की आधी उतार बघायचा, तिथं तिला लावायची, चाकाखाली दगड द्यायचा. निघताना मी दगड काढते, मोटार उतारानं सुटून चालू होते, आणि मी पळत येऊन आत बसते. पहिल्यांदा मला त्याची फार लाज वाटे. आता आळीतली पोरं त्याच वेळेला दारात येऊन बसतात, तरी मी खाली मान घालून पळते आणि बसते.

मोटार म्हणजे काय आहे ते सांगते. साहेब लोक देश सोडून गेले, त्या सुमाराची. रंग कधी काळी हिरवा असावा, आता उकळून उकळून फिकट झालेल्या चहासारखा आहे. हे मिलिटरीत ड्रायव्हर होते. सुटून आले तेव्हा पाचशे रुपये ह्यांचे आणि दीड हजार आक्कांचे घालून ही घेतली. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. तेव्हापासून हे रोज लोणंदचा कांदा आणि आमच्याकडचा बटाटा साताऱ्याच्या खाणावळींना पोचवतात. मागची सीट काढून टाकली आहे, तिथं पोती राहतात. धुतली तरी कांद्याचा वास जात नाही.

रोज काही ना काही जातं. आज पट्टा, उद्या प्लग. टायर जुनेच, वरून नवं रबर चढवलेले. पेट्रोल महाग झालं तेव्हा तर हे चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पण मला मोटारीचं एक सुख आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या पायाशी पत्र्याला ताटलीएवढं भोक पडलेलं आहे. हे म्हणतात, बुजवून टाकू. मी म्हणते, राहू द्या. खिडकीतून बघितलं की लोक आपल्याकडे बघतात. भोकातून बघितलं की नुसता रस्ता दिसतो, आणि तो आपल्याकडे बघत नाही. वळवाच्या सरीनंतर डांबर काळंभोर होतं आणि त्यात आभाळाचा तुकडा पळताना दिसतो. कधी वाटतं आपण बसलोच आहोत जागेवर, आणि खालून सगळी पृथ्वी कुणीतरी ओढून नेतंय.

तर आम्ही निघालो ते आक्कांचे शेवटचे दोनशे रुपये द्यायला. बहात्तरच्या दुष्काळात चारा मिळेना, म्हणून आक्कांनी आपली मेंढरं विकली होती. त्यांचे जे आले ते पैसे त्यांनी भावाला दिले. त्यांचा मुलगा मल्लू तेव्हा म्हणाला होता, “आये, मामानं भंगार घेतलंय. तुजी मेंढरं बुडाली.” गावभर हेच बोलणं झालं. आम्ही थोडे थोडे मनिऑर्डरीनं फेडत आलो. मागल्या संक्रांतीला आक्कांचा निरोप आला, कुणाकडून तरी लिहवून घेतलेला. “शेवटचं पैसं मोटारीत बसून घिऊन या. एस्टीनं आला तर घेणार न्हाई.” म्हणून मोटार जतला पोचायलाच हवी होती. आणि पैसेही. नोटांची घडी माझ्या पदराच्या टोकाला बांधलेली होती.

मायणी, विटा मागं पडलं. तासगावच्या अलीकडे भोकातून द्राक्षांच्या वेलींची सावली पळाली. सांगलीत शिरलो तेव्हा हळदीचा बाजार भरला होता. रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी. भोकातून बघताना वाटलं, आपण उन्हावरूनच चाललोय. आक्कांसाठी किलोभर चांगली दळलेली हळद घेतली. दुकानदार जैन होते, वयस्क. मोटारीकडे बघून म्हणाले, “चालते का हो ही?” हे म्हणाले, “वडूजपासनं आलीया, ढकलत न्हाई आणली.” ते हसले आणि चार बोटं हळद वर घातली.

तेवढ्यात मला पायाशी ओलं लागलं. पुढून पाणी गळत होतं. पुलापाशी एका मिस्त्रीनं बॉनेट उघडून बघितलं.

“रेडिएटरची जाळी गेली हाय. नवी टाकायची तर साठ-सत्तर रुपयं, शिवाय दोन दिवस.”

ह्यांनी मिस्त्रीकडे बघितलं, मग माझ्या पदराकडे. मी परक्या माणसापुढं बोलत नाही. पण त्या वेळी गाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “न्हाई. हे आक्काचं हाय.”

मिस्त्री हसला. म्हणाला, “मग वैनींच्या मांडीवर हाय तेच घाला की. हळद. चमचाभर. गरम पान्यात फुगती आन् भोकात जाऊन बसती. पर लय घालू नगा.” त्यानं स्वतः चमचाभर घातली, वर पाणी ओतलं, आणि काही घेतलं नाही. गळती थांबली.

मिरज गेली, मग कवठे महांकाळ. पुढं झाडं विरळ होत गेली. भोकातला रस्ता काळ्याचा पांढरा झाला. मेंढरांचा एक कळप आडवा आला, तो संपेपर्यंत थांबलो. मेंढका ह्यांना काहीतरी कानडीत बोलला, मग मराठीत म्हणाला, “तुमची मोटार रडाय लागलीया.” पुन्हा थेंब पडत होते.

इथं ह्यांनी चूक केली, आणि ती मिलिटरीतली चूक होती. तिथं एक पोतं मागितलं तर दोन पाठवायची रीत, असं हे नेहमी सांगतात. चमचाभर हळदीनं एवढं अंतर काढलं तर ओंजळभर हळदीनं परतीचीही सोय होईल, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, “मिस्त्री काय म्हनाला?” हे म्हणाले, “तो काय आर्मीत होता?” आणि आक्कांच्या पुडीतून तीन मुठी आत गेल्या.

दोन मैलसुद्धा गेलो नसू. पुढून पिवळा फेस उसळला, काचेवर उडाला, आणि मोटार फुसफुसत एका गावाबाहेर लिंबाखाली थांबली. जवळचं पाणी सगळं ओतून झालं होतं. रिकामा डबा तेवढा राहिला.

गाव अगदी लहान. वेशीजवळ रस्त्याच्या कडेनं घागरी, हंडे, कळशा यांची लांब रांग लागलेली होती. ज्या घरचं माणूस कामाला गेलेलं, त्या घराच्या नावानं रांगेत दगड ठेवलेला. टँकर यायचा होता. बाया सावलीला बसल्या होत्या.

हे डबा घेऊन ऐटीत गेले. “मोटारला पानी पाहिजे,” म्हणाले.

एक जण म्हणाली, “मोटार पानी पिती व्हय? आमाला वाटलं दूध पीत आसंल.”

दुसरी म्हणाली, “पाव्हनं, हितं मानसाला चार दिसांनी दोन घागरी येत्यात.”

हे परत आले. कपाळ पुसून म्हणाले, “तूच जा.”

मला जावं लागलं. काय बोलायचं ते वाटभर जुळवलं होतं, पण बायांपुढं उभी राहिल्यावर एकही शब्द येईना. मी रांगेच्या टोकाला गेले आणि शेवटच्या दगडामागं आमचा डबा ठेवला. ठेवून उभी राहिले.

एक म्हातारी उठून आली. दात नव्हते, कपाळावर आडवी विभूती. “हे कुनाचं घर गं?”

मी म्हटलं, “मोटारीचं.”

सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. काठी टेकत मोटारीपाशी गेली, मी मागोमाग. मोटारीच्या तोंडावरून, दिव्यांवरून पिवळे ओघळ आले होते, ते उन्हानं सुकले होते. म्हातारीनं बोट लावून वास घेतला.

“आगं, हिला हळद लागलीया.”

आता सगळ्याच बाया आल्या. मी झालेलं सगळं सांगितलं, आक्का, मेंढरं, मल्लू, तीन मुठी. एवढं मी एका दमात कधी बोलले नव्हते. कुणीतरी म्हणालं, “नवरी जुनी हाय, पर रंग चढलाय.” कुणी ह्यांना विचारलं, “तुमी मामा का वो नवरीचं?” हे लिंबाकडे तोंड करून उभे राहिले.

म्हातारी म्हणाली, “हळदीच्या अंगानं नवरी वेशीत उभी ठेवत्यात व्हय? न्हानं घालाय पायजे. घरटी एक तांब्या.”

मघाची ती दुधाचं बोललेली म्हणाली, “आज्जे, येडी का तू? पानी हाय कुठं?”

“एक तांब्या गेला तर मरतीस व्हय गं? तुज्या लग्नात माज्या हिरीवरनं किती घागरी गेल्या, मोजल्या व्हत्या मी?”

ती आपल्या घागरीपाशी जाऊन बसली.

टँकर यायला दोन तास लागले. तेवढ्यात मोटारीला निवायला वेळ मिळाला. मी लिंबाखाली पडून राहिले. वर पानं हलत होती, लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती, आणि त्या उन्हात सगळं माळरान पाण्यासारखं हलत होतं. डोळा लागला असावा, कारण मोटार नवरीसारखी मान खाली घालून बसली आहे असं मी बघितलं, आणि तिची मला अगदी ओळख पटली.

मग टँकर आला. रांग सरकली. प्रत्येक घरानं भरलेल्या घागरीतून एक तांब्या आमच्या डब्यात घातला. मघाच्या त्या बाईनं सगळ्यांत शेवटी घातला, पण भरून घातला. ह्यांनी जाळीची खालची तोटी सोडली आणि वरून ते पाणी ओतलं. आधी पिवळं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. ते सगळं म्हातारीनं लिंबाच्या बुडाशी वळवून घेतलं, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. जास्तीची हळद निघून गेली, भोकात बसली होती तेवढी राहिली. तोटी लावून उरलेलं पाणी आत भरलं. गळती थांबली.

त्या गावाची एक वस्ती दोन मैल लांब होती. तिथल्या बाया घागरी डोक्यावर नेतात. हे कुणी न सांगता म्हणाले, “आणा हिकडं.” नऊ घागरी पोत्यांच्या जागी बसल्या, दोन माझ्या मांडीवर. गचका बसला की पाणी हिंदकळून माझ्या पदरावर सांडे आणि भोकातून खाली जाई. वाटभर धुळीत काळे टिपके पडत गेले असतील. निघताना म्हातारी म्हणाली, “होगी बन्नी” (जाऊन या). मला कानडी येत नाही, पण हे कळलं.

परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशीचा. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. सांगलीत मिस्त्रीला हाक मारली, त्यानं नुसता हात केला. त्यानंतर ती जाळी पुढं दोन महिने चालली, मग नवी घालावीच लागली. लोक ह्यांना म्हणतात, रोज एवढा खर्च करून जुनी मोटार कशाला ठेवता. मला वाटतं, नवी मोटार त्या वेशीत थांबलीच नसती, मग ते गाव आम्हाला कधी दिसलंच नसतं. पण हे ज्याचे पैसे जातात त्याला सांगता येत नाही.

आक्कांकडे काय झालं ते मुद्दाम शेवटी ठेवलं. हात जरा वळण घेईल आणि एवढं तरी नीट अक्षरात लिहिता येईल म्हणून.

दिवस कलायला आम्ही पोचलो. आक्का दारातच होत्या. मोटारीभोवती एक फेरी घालून त्यांनी पिवळे दिवे बघितले. मी पदराला हात घातला तर म्हणाल्या, “हितं नगं.” आणि पुढचं दार उघडून माझ्या जागेवर जाऊन बसल्या. मी मागं पोत्यांच्या जागी बसले. गावातून जाताना आक्का एकदाही खिडकीबाहेर बघेनात. मान खाली. मला वाटलं रडतात की काय. मग म्हणाल्या, “सुंदरे, हितनं समदी वाट दिसती की गं.”

पारापाशी मल्लू चार जणांत बसला होता. आक्का म्हणाल्या, “बापू, थांब.” हे थांबले. सपाट जागा होती, तरी थांबले.

मी उतरून गाठ सोडायला लागले. घागरींच्या पाण्यानं भिजून ती इतकी घट्ट झाली होती की बोटांना दाद देईना, आणि सगळे बघत होते. आक्कांनी पदर ओढून घेतला आणि दातांनी गाठ सोडली. दोन्ही नोटा ओल्याचिंब, कडेला हळद लागलेली.

“वल्या कशा ठिवू?” आक्का म्हणाल्या. त्यांनी नोटा उलगडल्या आणि तापलेल्या बॉनेटवर शेजारी शेजारी पसरल्या, वर एकेक खडा ठेवला.

मग आम्ही सगळेच वाट बघत उभे राहिलो. मल्लू पारावरून उतरून जवळ आला. पत्र्याच्या उबेनं नोटांतून जरा वाफ निघाली, कडा आधी वर वळल्या, मग खाली बसल्या. एक नोट उडायला बघत होती, तिच्यावर मल्लूनं बोट ठेवलं.

चांगल्या वाळल्यावर आक्कांनी त्याचं बोट उचललं, दोन्ही नोटा घडी करून चंचीत घातल्या आणि चंचीचा बंद आवळला.

“फिटलं,” म्हणाल्या.