घर बंद, असा अहवाल

कोर्टात त्याला सगळे डकवे म्हणायचे. बेलीफ म्हणून लोकांच्या दारावर नोटीस डकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दार तीनदा ठोठावायचं आणि चटकन बाजूला सरायचं, म्हणजे आतल्याला दारातल्या भिंगातून कोण आलंय ते दिसत नाही, ही त्याची युक्ती. नवे बेलीफ ती त्याच्याकडूनच शिकले. बावीस वर्षं त्याने कोर्टाचे हुकूम घरोघर पोचवले, आणि स्वतःच्या हातात हुकूम आला तेव्हा त्याला कोणी भीक घालेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हुकूम साधाच होता. नवरा-बायको वेगळे झालेले, आठ वर्षांची मुलगी आईकडे राहील आणि एका रविवाराआड, दहा ते एक, बापाला भेटेल. पहिल्या रविवारी मुलीला ताप होता. मग परीक्षा, मग ती मामाकडे, मग पुन्हा ताप. एवढा ताप दवाखान्यातही नसतो. सात महिने तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि अकराच्या आत खोलीवर परत यायचा. उरलेला रविवार त्याला खायला उठायचा.

शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, या वेळी सोबत बेलीफ जाईल. वकील त्याला म्हणाला, "'मुलगी घरात असून दिली नाही' एवढं एक वाक्य अहवालात येऊ द्या. पुढच्या वेळी पोलीस घेऊनच जाऊ."

सोबत आला तो त्याचाच जुना जोडीदार. गुडघे धरले म्हणून तो जिन्यात अर्ध्यावरच टेकला. डकवे वर गेला, दार तीनदा ठोठावलं आणि सवयीने बाजूला सरला. बापाने असं लपायचं नसतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"घरात कोणी नाहीये," आतून मुलीचा आवाज आला.

त्याला हसू फुटलं. तो भिंगासमोर आला. "अगं, मी आहे. बाबा."

"तू दिसलाच नाहीस. मला वाटलं पोलीस आले. आई म्हणते, तू पोलीस आणणार आहेस." मग दाराला अगदी तोंड लावून ती हळूच म्हणाली, "बाबा, तू जा ना. तू येऊन गेलास की आई दिवसभर जेवत नाही."

पोलिसांबरोबर तो कितीतरी घरांत शिरला होता. एका घरात एवढंसं पोर दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटलं होतं, कोणी सांगितलं नसताना. तेव्हा त्याने जप्तीच्या सामानाची यादी केली होती आणि घरी येऊन पोटभर जेवला होता. आज त्याला त्या जेवणाची लाज वाटली.

"जातो हं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

जोडीदाराने पेन काढलं. "मुलीचा आवाज ऐकला मी. लिहू ना?"

"कुणाचा आवाज? घर बंद होतं. तसंच लिही."

"अरे, वेड लागलंय का? हाता-तोंडाशी आलंय तुझं काम. पुढची तारीख तीन महिन्यांनी पडेल."

"पडू दे."

मग जोडीदाराने लिहिलं, घर बंद आढळले. खाली अर्जदाराची सही लागते, ती डकवेने केली. बावीस वर्षांत खोट्या अहवालाला त्याचं नाव पहिल्यांदाच लागलं. वर दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला, तो दोघांनीही ऐकला. डकवेने जोडीदाराच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि एकेक पायरी खाली नेलं.