तुरीपाशी शंभर श्वास

आठवीतून शाळा सोडली आणि लातूरकडून इतक्या लांब, एका डाळमिलमध्ये कामाला आलो. तेव्हा माझ्या तोंडात एकच वाक्य असायचं, "तुला काही येत नाही." ते मी स्वतःलाच म्हणायचो, तेही मोठ्यानं.

मिलमध्ये साल सुटावी म्हणून तुरीला तेलपाणी लावून ती उन्हात पसरतात. तासातासाला तिच्यातून पाय ओढत चालायचं, म्हणजे खालची वर येते. हे काम एकट्याचं. मुकादमकाकांनी ते मला दिलं आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. ढगाचा तुकडा दिसला की ताडपत्री ओढायचो. एका दिवसात पाच वेळा झाकली. ओली तूर आतल्या आत तापली, कुबट वास सुटला.

काकांनी मूठभर हुंगली. "काहून रे, ढग तुलेच पाहून राह्यलाता का?"

"मला काढून टाका काका. मी बिनकामाचाच आहे."

"काढतो ना. आधी बस इथं." त्यांनी पोतं अंथरलं. "ढग दिसला का उठाचं नाही. शंभर श्वास मोजाचे. मंग तुरीत हात घाल, मंग आभाळ पाह्य. अन् शिव्या कायले देतं स्वतःले? माह्या माणसाले द्याच्या त मी देईन."

पहिले आठ दिवस तिसाच्या पुढं गेलोच नाही. मधेच डोक्यात गणिताचे सर यायचे, बापाचं गप्प बसणं यायचं. दुपारी सगळे जेवायला गेले की अंगणात मी आणि तूर. एकदा शंभर पुरे झाले आणि लक्षात आलं, मघापासून मला कोणी काही बोललेलं नाही. मीसुद्धा नाही. खांदे इतके वर धरले होते हे ते खाली आल्यावर कळलं.

मग एका दुपारी खरंच आभाळ भरलं. मी शहाण्यासारखा मोजत बसलो. साठाला नाकावर थेंब पडला, तरी मोजतोच आहे! शंभरला उठून ताडपत्री ओढली, तोवर तुरीचा एक कोपरा भिजला होता. काका आले तसं मीच आधी सांगितलं, "कोपरा भिजला काका. चुकलं माझं."

"थेंब पडल्यावरही मोजत बसला? हद्द झाली लेका!"

ते हसले आणि मलाही हसू आवरेना. स्वतःच्या चुकीवर मी पहिल्यांदा हसत होतो. त्या माणसाचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

"वाळते ना ते उद्या," काका म्हणाले. "जेवला का?"

नव्हतो जेवलो. हात धुतले आणि डबा उघडून निवांत बसलो.