तापात चढवलेल्या पायऱ्या

माझी पत्नी न्यूमोनियाने गेली. मुलीच्या बाळाचा खोकला तिला लागला आणि त्यातच ती गेली, असं आमच्या नात्यात इतकी वर्षं मानलं जातं. मुलगीही तेच मानत आली. यातला मी गाळलेला भाग इथे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा दर हिवाळ्यात माझी छाती भरायची. खोकला, औषधं, रजा. शेजाऱ्यांच्या नादाने पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला लागलो आणि एक-दोन वर्षांत सर्दी जवळजवळ विसरलो. हे खरोखर घडलं, आणि त्यानेच मला गर्व चढला. पुढे कोणी नुसतं शिंकलं तरी मी त्याला पायऱ्या चढून घाम काढायला सांगायचो.

पहाटे चढणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये एक नियम होता. ज्याचा खाडा होईल त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची. जोडप्यातलं एक जण आलं नाही तरी दोघांचा खाडा. हे जोडप्याचं कलम मीच घातलं होतं, हिला थंडीत उठायचा कंटाळा म्हणून. ज्या हिवाळ्यात ती गेली, त्याआधीच्या पावसाळ्यापासून आमचा एकही खाडा नव्हता आणि ते मी येता-जाता सगळ्यांना, विशेषतः ग्रुपमधल्या एका निवृत्त फौजदारांना, ऐकवत असे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जानेवारीत मुलगी बाळाला घेऊन पुण्याहून आली आणि थोडे दिवस राहून गेली. बाळ खोकत होतं. ती गेल्यावर हिचा घसा धरला, मग ताप आला. पहाटे मी बूट घालत होतो तेव्हा ही पांघरुणातूनच म्हणाली, "अहो, अंगात कणकण आहे. आज तुम्हीच जाऊन या."

"चढायला लागलीस की मोकळं वाटेल. आता झोपलीस तर आठवडाभर झोपशील."

"द्या की एकदा मिसळ. काय बिघडतं?"

"मिसळीचं नाही गं. ते फौजदार महिनाभर दात काढतील."

ती उठली. स्वेटरवर शाल घेतली आणि माझ्या मागे स्कूटरवर बसली.

पायऱ्यांवर ती सारखी थांबत होती. फौजदार सगळ्यांची फिरकी घेत. ते वरून उतरताना म्हणाले, "काय वहिनी, आज इंजिन तापलेलं दिसतंय!"

"इंजिन ठीक आहे भाऊजी, मागचा डबा जड झालाय," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो आणि तिचा हात धरून तिला वर ओढलं. हात चांगलाच पोळत होता. ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशीही मी तिला नेलं. त्यानंतरच्या सकाळी ती भिंत धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली. एक वाक्य पुरं करताना तिला धाप लागत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "ताप असताना काही दगदग झाली होती का?"

मुलगी तोवर पुण्याहून येऊन माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "नाही. घरीच पडून होती."

"माझ्या बाळाला खोकला होता, डॉक्टर," मुलगी म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली.

ती वाचली नाही. पंचवटीत दहाव्याला फौजदारांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब, त्या दिवशी वहिनींना ताप होता का हो?"

"छे. ताप नंतर आला."

काही वर्षांनी मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, कोणा मित्राच्या घरची गोष्ट आहे असं सांगून. ते म्हणाले, "नेमाने चालणाऱ्यांना सर्दी-खोकला कमी होतो, हे बरोबर. पण ताप आला म्हणजे शरीर आधीच झुंजतंय. तेव्हा विश्रांती हवी. त्यात दमवलं तर आजार बळावू शकतो."

"म्हणजे त्यामुळेच गेली?"

"तसं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही."

त्या एका वाक्याच्या आडोशाला मी आणखी वर्षं काढली. तिकडे मुलगी पोराला साधं पडसं झालं तरी नाशिकला येणं रद्द करायची. आली आणि त्याला शिंक आली, तर त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसायची. "आईला दिलं तेवढं पुरे," म्हणायची. मी चहा बाहेर नेऊन द्यायचो.

तो नातू आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात एका लग्नात कोणीतरी त्याला हसत हसत म्हणालं, "लहानपणी खोकून आजीला घालवलंस की रे तू!" तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला. मुलीने फोनवर रडत हे सांगितलं, तेव्हा मी तिला पायऱ्यांचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलात मी तुमच्या शेजारीच उभी होते."

"हो."

"मग आता मला एकटीला सांगून काय उपयोग? ज्यांनी माझ्या पोराला ऐकवलं, त्या सगळ्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. नातेवाइकांना पाठवण्याआधी तुला वाचून दाखवू का, असं मी काल तिला विचारलं. "मला नको," ती म्हणाली, "आधी त्याला दाखवा." तो रविवारी येतो आहे. एकटाच.