दोन मुठी बेदाणा

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नोकरीतली कुठली घटना अजून आठवते, असं कुणी विचारलं की मला आधी आठवते ती राणी, एक लॅब्राडोर कुत्री.

तेव्हा मी तासगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक निवृत्त फौजी राणीला दोन्ही हातांवर घेऊन आत आला. शेजाऱ्याशी बांधावरून त्याचा तीन वर्षं अबोला.

"साहेब, त्यानं हिला इख घातलंय. दोनदा वकली. लिवून घ्या फिर्याद!"

"अहो, आधी डॉक्टर की आधी फिर्याद?" मी ओरडलोच. रागाच्या भरात गडी जनावरांचा दवाखाना मागं टाकून ठाण्यात आला होता! वर तिला मिठाचं पाणी पाजायला निघाला. मी ग्लास काढून घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"मनानं काही पाजू नका, मीठ तर मुळीच नको," डॉक्टर म्हणाले. "लगेच घेऊन या. आणि काय खाल्लं, किती, कधी, तेवढं विचारा. उपचार त्यावर ठरतो."

काय, किती, कधी. हे तर आमचं रोजचंच काम.

तेवढ्यात तो शेजारी फटफटीवरून स्वतःच हजर झाला. पन्नाशीचा द्राक्षबागायतदार. ना समन्स, ना बोलावणं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुत्रीला काय खाऊ घातलं.

"म्या? आवं, तिच्या वाऱ्यालाबी मी उभा ऱ्हात न्हाई!"

त्याचा आवाज ऐकताच बाकावर निजवलेल्या राणीनं मान उचलली आणि ती शेपूट आपटायला लागली. वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्याचं असं स्वागत कुठलं कुत्रं करतं?

मी आवाज खाली आणला. "गुन्हा नोंदवत नाही. पण खरं सांगा, नाहीतर ती मरेल."

गड्याचे डोळे भरले. "रोज कुंपणापाशी येती ओ. चार दाणं द्यायचो. आज नवा बेदाणा आला, लाडानं दोन मुठी घातला. तास झाला आसंल. बेदाण्यानं काय हुतंय?"

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "द्राक्षं, बेदाणा कुत्र्याला विषच. एखाद्याला पचतं, एखाद्याची मूत्रपिंडं जातात. वाट बघू नका, निघा!"

जीपमध्ये शेजाऱ्यानंच सगळं कबूल केलं. फौजी त्याच्याकडं बघतच राहिला. "रोज? तरीच म्हणतोय, ही घरचं का खात न्हाई!"

डॉक्टरांनी तिला औषध देऊन ओकवलं, सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेऊन रक्त तपासलं. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होते. दुसऱ्या दिवशी एकाच डब्यात जेवताना दिसले. मूत्रपिंडं शाबूत निघाली, तेव्हा फौजीनं दवाखान्यात अशी शिट्टी मारली की शेजारची म्हैस बुजली!

शेजाऱ्यानं तोंड बारीक करून विचारलं, "मग आता तिला काय घालू?"

"गाजर," डॉक्टर म्हणाले.

"आन् घालायचं तर दारातनं ये," फौजी म्हणाला. "कुंपणातनं न्हाई."

तोवर मी धरून चालायचो, की खोटं बोलणारा गुन्हाच लपवतोय. पुढं कुणालाही समोर बसवलं, की आधी बघायचो, ह्याला भीती कशाची आहे. एखादा बिचारा नुसती माया लपवत असतो.