चुन्नीलाल मिस्त्रीचा फाशांचा मनोरा

चुन्नीलाल मिस्त्रीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त दोन तळवे दिसले. बाकीचे मिस्त्री राईस मिलच्या लाकडी उतारात डोकं खाली करून अडकले होते. मिल बंद होती. चौदा हमाल, एक मुनीम आणि एक कुत्रा श्वास रोखून त्या तळव्यांकडे बघत होते. जणू सगळ्या विदर्भाचा पुढच्या वर्षीचा भात त्या टाचांवर अवलंबून होता. आतून आवाज आला, "पॉलिश पेपर दे." मी दिला. "हा नाई. बारीक." तेव्हापासून वीस वर्षं मी या माणसाला चुकीचा पॉलिश पेपर देत आलो आहे.

मिस्त्रींचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. दाणा आदळला की कणी होते. त्यांच्या उतारावरून तांदूळ असा सरकायचा की वरच्या दाण्याला आपण खाली आलो हे कळतही नसे. पुढे मिलवाल्यांनी लोखंडी पाईप बसवले आणि तीन वर्षं फुलचूरच्या त्यांच्या अंगणात रंधा नुसता पडून राहिला.

अशात त्यांची मुलगी दामिनी नागपूरच्या कॉलेजातून एक काम घेऊन आली. तिथे सहा जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. वार लागला की हुकला, हे फासा ठरवतो. त्यांच्यातला विक्की फासा अलगद सोडून दर वेळी सहा पाडतो, असा बाकीच्यांना संशय. म्हणून तिला मनोरा हवा होता. वरून फासा टाकला की तो आतल्या तिरप्या फळ्यांवर आपटत, कोलांट्या खात ताटलीत पडला पाहिजे. मंडळी रविवारी घरी येणार होती. पसंत पडला तर त्यांच्या क्लबला असे बारा हवे होते. मिस्त्रींसाठी आकडा गौण होता. तीन वर्षांनी कोणीतरी त्यांच्याकडे लाकूड मागत होतं.

पहिला मनोरा सागवानाचा, आतून मेण घासलेला. दामिनीने सहा वर ठेवून फासा सोडला. तो पालखीत बसल्यासारखा उतरला आणि सहा वर ठेवूनच थांबला.

"एक ओरखडा नाई," मिस्त्री खुशीत म्हणाले.

"बाबा, त्याले आदळायला पाहिजे."

"कायले? त्यानं का बिघडवलं तुह्यं?"

दुसऱ्या मनोऱ्यात त्यांनी पायऱ्या केल्या, पण प्रत्येक पायरीवर मिलच्या जुन्या पट्ट्याचं रबर चिकटवलं. फासा मधेच बसला तो बसलाच. उलटा करून झटकल्यावर बाहेर आला. तिसऱ्यात लाकडी खुंट्या आल्या, पण लोण्यासारख्या गोल घासलेल्या. फासा पुन्हा अलगद सहा वरच उतरला. दामिनी चिडून दिवसभर बापाशी बोलली नाही. मी मध्यस्थी करायला गेलो, तर मिस्त्रींनी माझ्यासमोर रंधा आपटला आणि म्हणाले, "चाळीस वर्सं दाणा वाचवला, आता पोरगी म्हणते फोड." तो रंधा आपटलेला मी पहिल्यांदा पाहिला.

शेवटी शनिवारी चौथा झाला. फळ्या खरबरीत, खुंट्यांना धारदार कडा. फासा आत असा खडखडला की शेजारची प्रेमिला काकू काय फुटलं बघायला आली. दामिनीने वीस वेळा टाकला, आकडे हवे तसे वेडेवाकडे आले. ती हसली. प्रत्येक खडखडाटाला मिस्त्री डोळे मिटून घेत होते, तरी तेही हसले.

रविवारी पाहुणे आले. विक्कीने सहा वर ठेवून फासा टाकला. काही आवाज झाला नाही. ताटलीत सहा. पुन्हा टाकला, पुन्हा सहा. मग प्रत्येकाने सहाच टाकले आणि चार तास चालणारी लढाई वीस मिनिटांत संपली. गोष्टीतल्या राक्षसाला हात उगारायचीही संधी मिळाली नाही. पोरं पोट धरून हसत होती.

दामिनीने मनोऱ्यात बोट घातलं. खुंट्यांच्या कडा घासून गुळगुळीत, आणि आत मेण होतं.

"बाबा, काऊन केलं असं?"

"पाहुणे येऊन राहिले होते ना, पोरी," मिस्त्री म्हणाले. "सकाळी जरासं फिनिशिंग केलं."

क्लबने बारा मनोरे मागवले नाहीत. मंडळी आता फासे स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकतात.