मिशीचा होकार

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून मिशीवाले बसले, की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस नुसत्या नजरेनं इंजिन चालू करत असेल. प्रत्यक्षात पाना कुठला आणि पक्कड कुठली, हेही त्यांना बायकोला विचारावं लागे. गाड्या दुरुस्त करायची ती. वडिलांच्या हाताखाली शिकलेली. दिवसभर गाडीखाली आडवी. बाहेर दिसायच्या फक्त चपला. मिशीवाल्यांचा हात बसला होता तो स्वयंपाकावर, पण तोही मागच्या खोलीत, दार लावून. गल्लीत कळलं तर मिशीला कोण विचारणार, ही त्यांची धास्ती.

गिऱ्हाईक तक्रार मिशीला सांगे. मिशी "हं" म्हणे. गाडीखालची काय ते समजून घेई. धंदा झकास चालला होता.

त्या दिवशी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर घाईघाईनं आला. मुलं सुटायची वेळ झाली होती आणि बायको नेमकी शेजारच्या दुकानात गेलेली.

"झाली का गाडी, मिस्त्री?"

'नाही' म्हटलं, की कारण सांगावं लागतं. 'झाली'ला नुसती मिशी पुरते.

"झाली," मिशीवाले म्हणाले.

ड्रायव्हरनं चावी फिरवली, तोच बायको धावत आली. "उतरा खाली. ब्रेकची नळी काढून ठेवलीय मी."

"वहिनी, मिस्त्रींनी बघितलंय सगळं," ड्रायव्हर लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला. "तुम्ही नका काळजी करू."

समोरच्या सलूनमध्ये साबण लावलेले चेहरे इकडे वळले. व्हॅन गिअरमध्ये पडली, तसे मिशीवाले उठले आणि ब्रेक नसलेल्या गाडीच्या पुढ्यातच जाऊन उभे राहिले. अक्कल बेताची असली तरी काळीज मोठं होतं.

"मी मिस्त्री नाही. मिस्त्री ती आहे."

"मग तुम्ही काय करता?"

"स्वयंपाक."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. "तरीच," तो म्हणाला, "फोडणीचा वास सुटला की तुमची खुर्ची रिकामी कशी."

सगळे हसले. मिशीवालेही हसले, जरा उशिरानं.

ड्रायव्हर खाली उतरला. "मग किती वेळ लागेल?" त्यानं सवयीनं मिशीलाच विचारलं.

मिशीवाले आत निघून गेले. आता विचारायला समोर एकच माणूस उरलं.

"किती वेळ लागेल, बाई?"

"अर्धा तास," ती व्हॅनखाली शिरत म्हणाली. "शाळेत फोन करा. सांगा, मिस्त्रीबाईंनी थांबवलंय."