दुसऱ्या रांगेतले सहा

नत्थूजी भोयर एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मेहुणीच्या लग्नातून जे उपाशी उठून आले, ते पुढे कधीच सासऱ्याच्या घरी जेवले नाहीत. भांडण बुंदीवरून झालं. वाढपी म्हणून टोपली त्यांच्याच हातात होती आणि सासऱ्यांनी कानाशी येऊन सांगितलं की बुंदी तेवढी वरपक्षाच्या रांगेत फिरवा, बाकीच्यांना वरण-भात पुरे. नत्थूजींनी टोपली मांडवाच्या मधोमध ठेवली, बाकीची माणसं काय मांडवाचे खांब आहेत काय, असं दोन्ही रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं आणि चपला घालून सायकलवर बसले. बायको कोकिळा दोन दिवसांनी एकटीच परत आली. तिच्याशी ते चार दिवस बोलले नाहीत. तिने बुंदी खाल्ली होती.

रागीट माणसं पुष्कळ असतात. पण नत्थूजींचा राग सरकारी नोकरीत असल्यासारखा वेळेवर हजर व्हायचा आणि सुटीच्या दिवशी जादा काम करायचा. त्यांना स्वतःला खरी नोकरी लागली ती वर्ध्याच्या एका कॉलेजात, औषधशास्त्राच्या विभागात, प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळायची. विभागातली पोरं त्यांना पाठीमागे 'उंदरांचे पाटील' म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. उंदीरखोलीची चावी त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे आणि ती तिथून निघाली की खोलीत जाणाऱ्याचे पाय पुसलेले आहेत की नाहीत, हे आधी पाहिलं जाई.

खोलीत लोखंडी मांडणीवर पिंजऱ्यांच्या तीन रांगा होत्या, एकेका रांगेत सहा पिंजरे. नत्थूजी सकाळी भिजवलेले चणे वाढायला निघाले की पंगतीला वाढतोय असंच वाटायचं. एक दिवस या टोकापासून सुरुवात, दुसऱ्या दिवशी त्या टोकापासून, म्हणजे रोज एकच गडी शेवटी राहू नये. वाढताना प्रत्येकाला शिव्या, त्याही सारख्याच मापाने.

त्यांची माय जयवंताबाई सेलूकडच्या एका खेड्यात राहायची. रविवारी आणि बुधवारी सकाळी ती काविळीचं औषध द्यायची. औषध म्हणजे भुईआवळी. पावसाळ्यात बांधावर उगवणारं ते वीतभर झाड, पानांच्या पाठीशी मोहरीएवढ्या आवळ्यांची ओळ. माय ते मुळासकट पाट्यावर वाटून ताकात द्यायची, सात दिवस. पैसा घ्यायची नाही. नेम एकच होता: घरात एकाला कावीळ झाली, तर घरातल्या साऱ्यांनी औषध प्यायचं. नवऱ्याला द्या, सासूला नको, असं म्हणणाऱ्या सुना तिने दारातून परत पाठवल्या होत्या.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात विभागाचे प्रमुख देवतळे सर कसलंसं नियतकालिक घेऊन उंदीरखोलीत आले. चीनमधले वैद्य यकृताच्या दुखण्यावर एक झाड वापरतात आणि ते आपल्या भुईआवळीचं सख्खं भावंड आहे, असं त्यात छापलं होतं. सरांना त्याच्यावर प्रयोग करायचा होता. चीनचं नाव निघताच नत्थूजी पेटले. बासष्टात जमीन नेली, आता आमच्या मायची भुईआवळीही त्यांचीच काय, असं त्यांनी सरांनाच विचारलं, जणू सरांनीच ती तिकडे पोचवली होती. झाडं सीमा पाहून उगवत नाहीत, हे सरांनी तीनदा समजावलं. मग प्रयोग समजावला. एक विष असतं. ते यकृतात गेलं की तिथल्या पेशींच्या भिंतींना जणू गंज चढतो, भिंती फुटतात आणि आतला ऐवज रक्तात सांडतो. रक्त तपासलं की किती सांडलं ते कळतं. औषधाने गंज थोपवला, तर सांडणं कमी.

"म्हंजे बैलबंडीच्या आसाले वंगण," नत्थूजी म्हणाले. "वंगण असलं का जंग लागत नाई."

सरांना हे इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते वर्गात सांगितलं. कोणाचं म्हणून सांगितलं नाही, याचा राग नत्थूजींना आठवडाभर पुरला. तरी दर रविवारी मायकडून ओली भुईआवळी ओल्या फडक्यात बांधून तेच आणत.

पहिल्या रांगेला काहीच द्यायचं नव्हतं. दुसऱ्या रांगेला नुसतं विष. तिसरीला विष आणि औषध. सरांचा एक विद्यार्थी सुई टोचायला येई. चौथ्या दिवशी दुसऱ्या रांगेतले सहाही उंदीर पाठ वाकवून, केस पिंजारून कोपऱ्यात बसले, तेव्हा नत्थूजींनी सरांना विचारलं की यांना औषध कधी. सर म्हणाले, कधीच नाही, प्रयोगच तो आहे. नत्थूजींनी मान हलवली. नत्थूजी वाद न घालता मान हलवतात तेव्हा सावध व्हायला हवं, हे सासऱ्यांना माहीत होतं. सरांना नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थी यायच्या तासभर आधी खोली उघडू लागली. भुईआवळी, भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा एकत्र वाटून नत्थूजींनी वाटाण्याएवढ्या गोळ्या केल्या आणि अठराही पिंजऱ्यांत वाढल्या. पहिल्या रांगेला, दुसरीला, आणि जिला आधीच औषध मिळत होतं त्या तिसरीलाही. एकाच खोलीत एकाला द्यायचं आणि एकाला नाही, हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं.

प्रयोग संपला. रक्त तपासलं गेलं, अठराही उंदीर मारून त्यांची यकृतं काचेखाली पाहिली गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत फरक नव्हता. दुसऱ्या रांगेचं नुकसान नेहमीपेक्षा कमी कसं, म्हणून सरांनी विषाची बाटली पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला एक खरमरीत पत्र लिहिलं. बाकी निष्कर्ष सरळ होता: औषधात दम नाही. दसऱ्यानंतर नागपूरच्या सभेत ते हेच वाचणार होते. नत्थूजींना त्यांनी जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं आणि वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाले. या शेवटच्या वाक्याने नत्थूजी जास्त भडकले. शिव्या दिल्या असत्या तर परत तरी देता आल्या असत्या.

विद्यार्थी सेलूचाच होता. त्याने घरी सांगितलं, घरच्यांनी बाजारात. पुढच्या रविवारी नत्थूजी मायच्या अंगणात पोचले तर जिथे पंधरा-वीस माणसं असायची तिथे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक शेतकरी आपल्या पिवळ्या डोळ्यांच्या पोरीला घेऊन आला होता तो दारातूनच वळला. वर्ध्याच्या कॉलेजने हे गवत आहे असं सिद्ध केलं, असं तो पोरीला सांगत होता, पण मायला ऐकू जाईल असं. वाटलेली अर्धी भुईआवळी पाट्यावर तशीच काळी पडत होती.

नत्थूजींनी सरांचा, कॉलेजचा आणि एकूणच शिकलेल्या लोकांचा अर्धा तास उद्धार केला. मायने तो संपू दिला.

"उंदरं औषधाबिगर होते ते लय बिघडले का?" तिने विचारलं.

"कायले बिघडतीन? मी देल्लं ना त्याईले. अठराई पिंजऱ्याईत देल्लं. तुह्याच नेम आहे तो."

माय वरवंटा धुवत होती. तिने तो खाली ठेवला.

"साऱ्याईले देल्लं, सारेच सावरले, तं त्या मास्तरले फरक कुठी दिसन रे नत्थू?"

 चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच नत्थूजींच्या रागाला जायला दुसरं घर नव्हतं. परतीच्या एस.टी.त त्यांनी खिडकीवरून एका माणसाशी भांडून पाहिलं, पण त्यात जीव नव्हता.

सोमवारी ते कबुली द्यायला सरांच्या खोलीत गेले. पण त्यांना बोलायची एकच पद्धत येत होती, म्हणून सुरुवात सरांनाच झापण्यापासून झाली. तुम्ही नीट सांगितलं नाही, पंगत मांडायची आणि मधल्या रांगेला उपाशी ठेवायचं हे कुठलं शास्त्र, आणि मग त्याच दमात, गोळ्यांचं सगळं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विभागात कोणीही त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला.

"अठरा जीव गेले, नत्थूजी. तुम्ही सहा वाचवायला गेलात आणि अठराही फुकट घालवले. काहीही कळलं नाही आणि मेले ते."

"अन् त्या सहाईनं काय केलं होतं?"

"काही नाही," सर म्हणाले. "काहीच केलं नव्हतं."

 मग सरांनी मेमो लिहिला आणि नत्थूजींनी सही करून पेन आपटून ठेवला. सरांनी नागपूरला तार केली की निबंध वाचणार नाही. नवे अठरा उंदीर आणून प्रयोग पुन्हा करायचं ठरलं. पावसाळा सरत आला होता, भुईआवळी बांधावर जेमतेम महिनाभर मिळणार होती. बाहेर पडण्याआधी नत्थूजींनी करदोड्याची गाठ सोडली आणि चावी टेबलावर ठेवली.

"हे तुमच्यापाशी राहू द्या. ते माह्याकडे पाह्यतीन अन् माह्या हात थांबनार नाई."

पुढचे दहा दिवस खोली विद्यार्थ्याने सांभाळली. नत्थूजी बाहेर स्टुलावर बसून भुईआवळी वाटत आणि तिसऱ्या रांगेपुरते नेमके सहा घोट वाटीत काढून दाराच्या फटीतून आत देत. आतल्या आवाजावरून त्यांना कळे की पोरगा रोज डावीकडूनच वाढायला लागतो. तेव्हा ते बाहेरून ओरडत की आज उजवीकडून वाढ, गाढवा, शेवटच्याने काय पाप केलं. जेवणाचा डबा त्या दहा दिवसांत तसाच घरी जायचा. कोकिळेने विचारलं तर तिलाही ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या रांगेतले दोन उंदीर प्रयोग संपायच्या आतच मेले. उरलेल्या चौघांची यकृतं सरांच्या शब्दांत 'चाळणी' झाली होती. तिसऱ्या रांगेची बरीचशी शाबूत होती. आता फरक आंधळ्यालाही दिसला असता. सर आकड्यांचा कागद घेऊन स्वतः व्हरांड्यात आले. नत्थूजींनी दुसऱ्या रांगेचे आकडे कुठले ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून उभे राहिले. सर आनंदात होते. निबंधाच्या शेवटी तुमच्या आईचं नाव घालून आभार मानतो, असं ते म्हणाले.

"याईचं नाव घातलं का?" बोट तिथेच होतं.

उंदरांची नावं घालत नाहीत, नुसती संख्या घालतात, असं सर म्हणाले.

"मंग मायचंबी नोका घालू."

सरांनी नाव घातलं नाही. पण दोन गोष्टी केल्या. सेलूच्या त्या विद्यार्थ्याला पहिलं बोलणं जिथे जिथे केलं होतं तिथे तिथे जाऊन परत घ्यायला लावलं. आणि वर्गात वंगणाचा दाखला देताना त्या वर्षापासून ते 'आमचे नत्थूजी म्हणतात' असं म्हणू लागले. नत्थूजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की सर उशिरा म्हणाले.

पुढच्याच एका रविवारी मायच्या अंगणात पुन्हा माणसं आली. त्यांत तो शेतकरीही होता. पोरीचे डोळे आता निवळले होते. पिवळे झाले होते ते बापाचे. नत्थूजींनी त्याला ओळखलं आणि वाटता वाटता, वरवंटा क्षणभरही न थांबवता, सगळ्या अंगणादेखत त्याला जे सुनवायचं ते सुनवलं.  मग नत्थूजींनी ताकाचे दोन पेले भरले, एक त्याच्यापुढे ठेवला, एक पोरीपुढे.

"तिले कायले?" तो चाचरत म्हणाला. "ती बरी झाली ना आता."

"बसली ना ती पंगतीत?" नत्थूजी ओरडले आणि पुढच्या माणसाकडे वळले.